मुलगी दाखवण्याआधी दाखवलेलं सूर

हे पत्र ज्यावर लिहितोय ते टेबल, ही खुर्ची (एक पाय आखूड वाटतो, पण तो फरशीचा दोष आहे), दारावरची नक्षी आणि दिवाणखान्यातलं सव्वातीन हात लांबीचं तारू, हे सगळं मी कुणाकडे न शिकता स्वतःच्या हातांनी केलंय, एवढं आधी ध्यानात घे, हवाबी आपा, आणि मगच मेहनाजबींचं ऐक. धाकट्या हारूनचा सलाम. हर्णैला सगळे खुशाल असतील आणि तुझा गुडघा आता जिना चढू देत असेल, ही उमेद.

तू सुचवलेलं स्थळ, म्हणजे साकिब, त्याचे वडील आणि आई मेहनाजबी, शुक्रवारी सीबहून इथे सूर गावी आपल्या नौशीनला बघायला आले. मी मुलगी लपवली असा फोन तुला आला असेल. ते खोटं आहे. मी फक्त क्रम पाळला. इथले कारागीर तारू बांधताना आधी बाहेरच्या फळ्या जोडतात, आतल्या फासळ्या नंतर बसवतात. तसंच आधी गाव, मग घर, मग मुलगी. म्हणून पाहुण्यांना पुलाजवळच अडवून मी थेट तारवांच्या कारखान्यात नेलं.

एके काळी आफ्रिकेपासून मलबारपर्यंत माल नेणारं हे गाव आगबोटी आल्यावर कसं मागे पडलं, हे कळल्याशिवाय इथली मुलगी काय कळणार? मी सागवानापासून सुरुवात केली. (सागवान मलबारचं म्हणतात, पण त्यात थोडं कोकणातलं असणारच, पुरावा शोधतोय.) खिळ्यांपर्यंत पोचलो तोवर साकिबचे वडील सावलीसाठी तारवाखाली शिरले होते. मेहनाजबी म्हणाल्या, "भाईसाहेब, आम्ही घर बघायला आलोय, गलबत घ्यायला नाही." आता हे गलबत नव्हेच, त्यामुळे दोहोंतला फरक मला मुळापासून सांगावा लागला. पुढे टेहळणीचा बुरूज. चढायला कुणी तयार होईना, म्हणून मीच चढलो आणि वरून ओरडून माहिती दिली. उतरतो तर मंडळी गाडीत, एसी सुरू, काचा वर. मी काचेवर बोट टेकवून कासवं कुठे अंडी घालतात ते दाखवलं. त्यासाठी लोक विमानाने येतात. यांच्याने मान वळवेना.

गाडी परत सीबकडे निघणार एवढ्यात नौशीनच सांदणांचा डबा घेऊन आली. "अब्बा, खलास. पाहुणे उपाशी आहेत." साकिबने काच खाली केली, तिला विचारलं, एवढं काय आहे या गावात? ती म्हणाली, "खाडीवर वारा असतो, मासळी ताजी मिळते, आणि अब्बा कुठेही असले तरी आवाजावरून सापडतात." झाला इतिहास. एक सन नाही, एक सुलतान नाही. तरी साकिब हसला आणि मेहनाजबींनी दुसरं सांदण घेतलं. पाया मी घातला होता, हे कुणी बोललं नाही.

तुझा,
हारून

ता.क. नातं पक्कं झालं, निकाह इथेच होईल. फक्त मेहनाजबींना फोन करून समजाव, की वऱ्हाडाला गाव दाखवणं हा मुलीच्या बापाचा मान असतो. त्या माहितीतला पोर्तुगीजांचा भाग मी पूर्ण गाळलाय, हेही सांग.

आणखी एक. निकाहच्या दिवशी मी गावाविषयी चकार शब्द काढला नाही, तर हॉल आणि जेवणाचा सगळा खर्च ते स्वतः करतील, असं साकिबचे वडील म्हणाले. बाराशे रियाल. मी नको म्हटलं.