बाईच्या पोटरीवरची रेघ

२१ जुलै, कुरखेडा
बातमी पाठवायची राहिली. बाईच्या डाव्या पोटरीवर लाल चट्टा, मधे फोड. "कोळी मुतला असन," बाई म्हणाली. कोळी कोणी पाहिला? कोणीच नाही. आमच्याकडे आरोपी न पाहता निकाल लागतो. म्हटलं, संस्कृतात त्याला लूता म्हणतात. "मंग तुया संस्कृतानंच उतरव ना." थोरली बहीण पन्नाशीतल्या भावाचाही असा उद्धार करते. साबणानं धुतलं. गार पाण्याची पट्टी. पाय उशीवर. चुना-हळद लावू दिली नाही. लालीच्या कडेनं पेननं रेघ मारली. लाली बाहेर गेली की दवाखाना, असं ठरलं. लगेच कबूल झाली. एरवी दवाखान्याचं नाव काढू देत नाही.

२२ जुलै
लाली रेघेच्या आत. बरं वाटलं.
बाई मात्र दिवसभर शेजाऱ्यांच्या धानाच्या रोवणीत, गुडघाभर चिखलात. ओरडलो.
"त्याइच्या बांधीत मी नाई गेली तर आपल्या बांधीत त्याइच्या बाया काऊन येतीन? तू लावशीन धान? वाकता तरी येते काय तुले?"
नाही येत. कंबर.

२३ जुलै
आजही आतच. पण भिंत धरून चालते. भात अर्धा टाकला. विचारलं तर, "रेघ पाय ना." पाहिली. आत. आता रेघेवर विश्वास ठेवायचा की बाईच्या चालीवर? रेघेवर ठेवला. सोयीचं होतं.
परवा आमची रोवणी.

२४ जुलै
माझं पेन निळं. पोटरीवरची रेघ काळी. शिवाय माझ्या हातून इतकं सुबक वर्तुळ जन्मात आलेलं नाही. जिल्हाभरच्या बातम्या हुंगणारा वार्ताहर, घरातली शाई दिसली नाही.
बाई रोज आंघोळीला जुनी रेघ घासून काढायची, लालीच्या बाहेर नवी मारायची. "आपली रोवणी होऊन जाऊ दे म्हटलं, मंग जाऊ." अंग तापलेलं. लाली गुडघ्याला टेकलेली. वर म्हणते, "तूच तं खुश होऊन राह्यला होता, आत हाय म्हणून."

ऑटो करून दवाखान्यात. डॉक्टरांनी विचारलं, कोळी पाहिला का? नाही. "मग त्याला कशाला बदनाम करता? कुठं तरी खरचटलं असेल, जंतू आत शिरले. वर चिखल. आधी आणायला हवं होतं." भरती केलं. शिरेतून औषध. त्यांनीही रेघ मारली.

२५ जुलै
बाया आल्या, सगळ्या. मी बांधावर चहा घेऊन. "भाऊ, बाईचा पाय कसा हाय?" एकीनं विचारलं, दुसरीनं मला चिखलात उतरायला सांगितलं. उतरलो. दोन ओळी लावल्या. त्या बायांनी उपटून पुन्हा लावल्या.
संध्याकाळी दवाखान्यात. ताप उतरलेला नाही. लाली नेमकी डॉक्टरांच्या रेघेवर. उद्या सकाळी बघू म्हणाले, नाही उतरली तर गडचिरोलीला हलवू.
"रोवणी झाली?"
"अर्धी."
"उद्या मले घरी ने मंग."
मी तिच्या पायाखालची उशी सरळ केली.
"पेन कुठी हाय तुयं?"
खिशात होतं. नाही म्हणालो.