आवाज बिघडलेला टीव्ही

ती. आईस,

लालबागहून मेघनाचा नमस्कार. फोनवर बोलले तर काका ऐकतील, म्हणून पत्र.

मी नीट जेवते. परीक्षेची थोडी धास्ती आहे, इतकंच. बाबांचा गुडघा कसा आहे? गावाहून कोणी येत असेल तर काकांसाठी कोकमाची सोलं पाठव.

वर्गात महायुद्धानंतरच्या एका शाळेवरची कादंबरी चालू आहे. तिच्यातला शाळेचा शिपाई पानोपानी एकच वाक्य बोलतो. अशा पात्राला बाई सपाट म्हणतात. जे कधीतरी आपल्याला चकवतं, ते गोलाकार. मला आपले लवूकाकाच आठवले. मी इथे राहायला आल्यापासून त्यांचं रोज एकच, "टीव्हीचो आवाज बिघडलो हा." काका-काकी मालिका आवाजाविनाच बघतात.

काल कॉलेज लवकर सुटलं. जिन्यातच मालिकेतल्या सासूचं ओरडणं ऐकू आलं. मी दारात दिसताच काकांनी घाईने रिमोट दाबला आणि तेच वाक्य म्हटलं. काकी तोंडाला पदर लावून हसत होती.

बाई म्हणतात, नाट्यात्म उपरोध म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेलं एकाच पात्राला ठाऊक नसणं. आई, या खोलीत ते पात्र मीच होते गं.

मी साळसूदपणे विचारलं, "काका, दुरुस्त कधी होणार?"

"तुझी परीक्षा संपली की होतलो."

तुझी,
मेघना