घाबरणारा हात

उस्ताद, आज सकाळी अंबडच्या माझ्या वर्कशॉपमध्ये चहाचा स्टीलचा ग्लास डाव्या हातात धरून मी उभी होते. माझी ऑपरेटर, बारा वर्षं माझ्याकडे आहे, म्हणाली, "मॅडम, इतका गरम ग्लास, पोळत नाय का?" खाली पाहिलं तर बोटं लालभडक. मला काहीच कळलं नव्हतं. तेव्हा तुमचीच आठवण आली, आणि एरवी तुमच्या आठवणीनं बरं वाटतं, आज भीती वाटली.

सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी आले ती आयटीआयची ताजी कारागीर, तोंडानं मशीन चालवणारी. पहिल्याच आठवड्यात पितळी समईच्या खांबाची गोलाई काढायला दिलीत. मी कापायचं टूल लेथच्या होल्डरमध्ये गच्च आवळलं, फिरत्या खांबाला लावलं, आणि खांब असा किंचाळला की शेजारच्या शेडमधून माणसं डोकावली. तुम्ही रागावला नाहीत. मशीन थांबवलंत, लांब दांड्याचं हातहत्यार काढलंत, पातं लोखंडी टेकणीवर ठेवून दांडा काखेत दाबलात आणि तीच गोलाई गुपचूप काढून दाखवलीत. सरळ, लांब कापाला होल्डरच, तेवढं एकसारखं माणसाला जमायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. पण मी हट्टीच. होल्डर इतका घट्ट धरतो, मग वळणाला हात कसा बरा, म्हणून विचारलं. तुम्ही कपाळावरचा पितळेचा कीस पुसत म्हणालात, "बेटा, होल्डर जिद्दी हाय. अडलं तरी रेटतो. हात घाबरतो, मागं येतो. घाबरतो म्हणून तर चांगला. ज्या दिवशी घाबरायचा थांबला, त्या दिवशी हत्यार ठेवून द्यायचं."

पुढं दोन-तीन वर्षांनी तुम्ही धारेवरून कुरकुर करायला लागलात. हत्यार बोथट झालंय, हाताला कापच लागत नाही म्हणत दिवसातून चार-पाच वेळा मला ग्राइंडरवर धार लावायला पिटाळायचात. धार होती, उस्ताद. मी नखावर लावून बघत होते. मग एका दुपारी तुम्ही नुकताच पडलेला तापलेला कीस उघड्या हातानं गोळा केलात, बोटांना फोड आले, आणि तुम्ही तसेच बोलत राहिलात. मी बघितलं, आणि मी बघितलं हे तुम्हीही बघितलंत. "कुणाला सांगू नको," एवढंच म्हणालात. मी मान हलवली, आणि सांगितलं नाही. उस्तादाची लाज राखली म्हणून मनात थोडी खूशही होते, हे आठवलं की आता स्वतःची किळस येते.

मग तो शेवटचा दिवस. मी शेजारच्या मशीनवर आहे. तुमचं हत्यार खांबात अडकतं. घाबरणारा हात असता तर मागं आला असता. तुमचा हात रेटतच राहतो, होल्डरसारखा, आणि दांडा उसळून गळ्यावर बसतो. दवाखान्यातून तुम्ही परत आला नाहीत.

वर्षानुवर्षं हत्याराची थरथर झेलून आता तोच हात माझा आहे. गेल्या दिवाळीपासून बोटं आधी पांढरी पडायची, मग मुंग्या, आता काहीच नाही. शॉपमध्ये नवा, चांगला होल्डर आहे, तीस खांबांची ऑर्डर ऑपरेटर त्याच्यावर काढू शकते. थोडी कमी देखणी होईल, एवढंच. पण मी हातहत्यार खाली ठेवलं की का ठेवलं ते अंबडभर कळेल, आणि 'उस्तादांचा हात' म्हणून लोक मला ओळखतात त्याचं काय? सकाळी ग्लास ठेवून मी तिला म्हणाले, कुणाला सांगू नकोस. तिनं मान हलवली. मी हलवली होती तशीच.

अकरा खांब झालेत, बाकीचे उद्यापासून. हा कागद ग्राइंडरखालच्या खणात ठेवते आहे, तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही आणि तिला वाचायला द्यायचं धाडस नाही. एकच सांगायचं राहिलं. दुपारी मी तिला माझ्या हत्याराला धार लावायला पाठवलं. तिनं ग्राइंडरपाशी पातं नखावर लावून बघितलं आणि हत्यार तसंच परत आणून माझ्या हातात दिलं. धार होती.