गेलेली खोच

३ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं लाडकं स्विस घड्याळ सोबत पाठवतो आहे. तू नुसता पट्टा बदलायला दिलं होतंस. पण दिवसभर लोकांच्या अंगठ्या चमकवायच्या आणि सख्ख्या भावाचं घड्याळ तसंच ओरखडलेलं ठेवायचं, हे मला बघवेना. पॉलिशच्या चाकावर धरून आरशासारखं केलंय. विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतास. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा धाकटा

९ जून
ती. काकांस,
सा. न. वि. वि. तुमचं पत्र बाबांना अजून वाचून दाखवलेलं नाही. त्यांची नजर आता परत येणार नाही. हे तुम्हाला कळवायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं.
रोज सकाळी ते कपाटातलं एकेक घड्याळ अंगठ्याने चाचपतात, कोणतं ते ओळखतात आणि चावी देतात. तेवढाच विरंगुळा उरलाय. तुमचं पार्सल हातात दिलं, तर अंगठा पुन्हा पुन्हा एकाच कडेवर फिरवत राहिले. म्हणाले, हे माझं नव्हे. आईला दवाखान्यात नेताना ते जिन्याच्या कठड्यावर आपटून कडेला खोच पडली होती, तीच शोधत होते. त्यानंतर आई घरी आलीच नाही, हे तुम्ही जाणताच.
दुकानात कुणीतरी अदलाबदल केली असणार, असं ते म्हणतात. वर मला ताकीद, की धाकट्याला कळवू नकोस, बिचारा हाय खाईल. काका, करायला गेलात गणपती आणि झाला मारुती. मला तुमचा फार राग आलाय. खरं काय ते तुम्हीच सांगा. माया मात्र पातळ होऊ देऊ नका.
तुमची ठमी

१४ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि. घड्याळ तुझंच आहे. खोच मी घासली. कानस घेऊन पुन्हा पाडायला बसलो होतो, पण हात धजेना. वहिनीची आठवण मी पुसली, दादा. येऊ का?
धाकटा

२० जून
चि. धाकट्यास,
अ. उ. आ. ठमी लिहून घेते आहे. दोन दिवस तुझं नाव काढू दिलं नाही. काल ते घड्याळ मनगटावर चढवलं. सगळ्यांत गुळगुळीत तेच, त्यामुळे हाताला चटकन लागतं. आता ते तुझं म्हणून ओळखतो. तिचं होतं ते गेलं.
ये. बाकीच्या घड्याळांना मात्र हात लावू नकोस.
दादा