नातीच्या भाषेतली ‘ती’

गुरुजी, या वयात मी पुन्हा सर्वनामं पाठ करून राहिलो आहे. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, “काऊन रे, इंग्रजीनं पोट नाही भरलं का?” भरलं, गुरुजी. तुमच्या मुर्री गावच्या या पोरानं धानाची मिल टाकली, दूरदूरच्या दलालांशी फोनवर भांडून तांदूळ देशाबाहेर धाडला, तो तुमच्याच इंग्रजीवर. आता शिकतो आहे ती बल्गेरियन. फोनमधले धडे ती इंग्रजीतून शिकवतात, म्हणून धडा उघडला की तुमचं स्वयंपाकघर उघडतं. तुमच्या घरच्या बाई वारल्यावर तुम्हीच चुलीपुढे बसायचात आणि भात शिजेपर्यंत आमची शिकवणी घ्यायचात. नियम एकच, माणूस दाखवल्याशिवाय शब्द बोलायचा नाही. ‘आय’ म्हणताना हात स्वतःच्या छातीवर, ‘यू’ म्हणताना शेजारच्याच्या खांद्यावर, ‘ही’साठी रस्त्यानं जाणारा कोणीतरी शोधायचा. एकदा मी नुसतंच ‘शी’ म्हणून मोकळा झालो, तर तुम्ही पळी माझ्याकडे रोखलीत. “कोन शी? तुह्या तोंडात बाई बसली आहे का? जा, दाखव.” मी धावत विहिरीवर गेलो आणि पाणी भरणाऱ्या मायकडे बोट केलं. माय घाबरली, “काय झालं रे बाबू?” आणि पोरं हसून लोळली.

माझी मुलगी तिकडे बल्गेरियात डॉक्टरी शिकायला गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं, आणि ताप डोक्यात चढून गेली. आम्ही पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. राख घेऊन आलो, वैनगंगेत सोडली. तिची पोर तेव्हा नुकती बोलायला लागलेली. मी फोनवर दिसलो की ‘आबाजी’ म्हणायची. आई गेली तशी त्या घरातली मराठीही गेली. हळूहळू ‘आबाजी’ गेलं, ‘आजी’ गेलं, ‘पाणी’सुद्धा गेलं. जावई इंग्रजी बोलतो, भला माणूस आहे, पण नात त्यांचीच भाषा बोलते. दर रविवारी माझी बायको धुतलेलं पातळ नेसून फोनपुढे बसते, पोरीचं बोलणं ऐकते आणि मग माझ्या तोंडाकडे बघते. तिचं विचारणं एकच, “फोटोतल्या मायले ओळखते ना जी पोरगी?” म्हणून मी शिकायला बसलो.

‘अझ’ म्हणजे मी. ‘ति’ म्हणजे तू, ‘वीए’ म्हणजे तुम्ही. कलेक्टर असो का हमाल, यू तो यू, असं तुम्ही सांगायचात. इथे मात्र आपल्यासारखे पुन्हा दोन. मी जावयाला ‘वीए’ म्हणालो. तो हसून म्हणाला, घरच्या माणसाला ‘ति’ म्हणतात. जावयाला अरे-तुरे? आपल्याकडे असं कोणी करतं का? मी ‘वीए’च म्हणत राहिलो. मी मान देत होतो, आणि त्याला बहुतेक वाटत गेलं की हे मला आपला मानत नाहीत. ‘तोय’ म्हणजे तो. ‘त्या’ म्हणजे ती. लहान पोरीलाही तिकडे ‘त्या’ म्हणतात, मला ते आवडलं होतं.

मागच्या रविवारी फोनवर नातीपुढे मी तुमचाच खेळ मांडला. छातीवर हात ठेवला, अझ. तिनंही ठेवला आणि खिदळली. ति म्हटलं, तिनं माझ्याकडे बोट केलं. तोय म्हटलं, बापाचं नाक ओढलं. मग मी म्हणतो, त्या? मला वाटलं, भिंतीकडे बघेल. तिथे आमच्या मुलीचा फोटो होता, आम्हीच लावून आलो होतो. आता तिथे घड्याळ आहे. पोरगी पळत स्वयंपाकघराच्या दारात जाते. तिथे एक तरुण बाई ओले हात पुसत उभी आहे. पोरगी तिच्या पायांना मिठी मारते, माझ्याकडे बघून म्हणते, त्या, आणि पुढे त्यांच्या भाषेतला आईसाठीचा शब्द. जावई खाली बघतो. त्याचं तरी काय चुकलं? एवढीशी पोर एकट्यानं कोणी वाढवावी? ती बाईही ओशाळली होती. मी ‘दा’ म्हणालो. म्हणजे हो. पोरीनं बरोबर माणूस दाखवलं होतं.

बायकोनं मला कोपर मारलं. “कोन बाई व्हय जी?”

“कामवाली असन.”

“आन् पोरगी काय म्हनली?”

“मायची आठवण येते म्हनली.”

ती पदर तोंडाला लावून रडली. मग उठली, हातपाय धुतले आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

आज सकाळी ती माझा चष्मा पुसून घेऊन आली आणि फोनपाशी बसली. “मले बी शिकवा ना जी. पोरीसंग आपल्याच तोंडानं बोलीन.” मी म्हणालो, लय कठीण भाषा आहे, आपल्या वयात जमत नाही. ती आंघोळीला गेल्यावर धडे फोनमधून काढून टाकले. हा कागदही ठेवता यायचा नाही, मराठी तिला चांगली वाचता येते. भाषा कठीण नाही, गुरुजी. तिला दोन रविवारांत आली असती.