आधी कोण उतरला

मी, धोंडीराम रखमा बोराडे, वय एक्क्याऐंशी, ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त, राहणार सावरपाडे, जिल्हा नाशिक, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कोणाचाही दबाव नाही. मुलगा महेश याने आणून पाहिला, पण मला कमी ऐकू येते.

१. घर व द्राक्षमळा महेश आणि मुलगी उज्वला यांना निम्मा निम्मा. उज्वला "मला काही नको" म्हणेल. तिचे ऐकू नये.

२. वाळकी नदीकाठची, वाटणीत माझ्या हिश्शाला आलेली जागा. तिच्यावर नदीत मासेमारी करणाऱ्या मीना काळू लिलके हिचे घर आहे. सातबारा माझा, कारण मोजणीच्या दिवशी मोजणीदार आमच्या आजोबांकडे जेवायला होता. महेश म्हणतो, "अण्णा, मीनाला उठवा. रिव्हर व्ह्यू बंगल्यांना लय मागणी हाय."

येथे गावाचा इतिहास सांगणे भाग आहे. पलीकडे दुष्काळ पडला म्हणून बोराडे आणि थेटे नदी ओलांडून आले. नदीलगतची काळी जमीन आम्ही घेतली, वरचे बरड थेट्यांना गेले. तेव्हापासून पोळ्याला पहिला बैल कोणाचा, यावर डोकी फुटतात. आता बैल कोणाकडेच नाहीत. दोघेही एकाच माणसाकडून भाड्याने आणतात.

गेल्या पोळ्याला गोरक्ष थेटे वेशीत ओरडला, "होडीतून आधी आमचा मूळपुरुष उतरला!"

महेश म्हणाला, "तुमचा तर होडीतच झोपला व्हता!"

मीना माशांची टोपली घेऊन उभी होती. ती हसत म्हणाली, "आन् व्हडी कोण चालवत व्हतं?"

लगेच कोणीतरी डीजे लावला. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, लाज वाटली.

म्हणून ही जागा मीनाला, कायमची. महेशने कोर्टात जाऊ नये. गेलाच, तर त्याचा निम्मा मळाही मीनाला.

३. कानाचे यंत्र गोरक्षला. त्याला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे.

४. अस्थी वाळकीतच सोडाव्यात, मीनाच्या होडीतून. होडीत आधी कोण चढणार यावर वाद झाल्यास सर्वांनी काठावरच थांबावे. मीना एकटी नेईल. तिच्या घराण्याला आम्हाला पोहोचवायची सवय आहे.

ठिकाण : सावरपाडे
दिनांक : ११ सप्टेंबर २०२५
सही : धों. र. बोराडे

साक्षीदार :
१. जयराम पवार, निवृत्त शिक्षक
२. गोरक्ष थेटे (पहिली सही न मिळाल्याबद्दल तक्रार नोंदवून)