दोन वर्षांच्या खापरपणजीस वंश असल्याबाबत

प्रति,
मा. वंशावळ पडताळणी अधिकारी (श्री. एल्ड्रेड क्विन्बी),
जुनी दफनभूमी समिती,
नगर सभागृह, पेनफर्ड, मॅसॅच्युसेट्स.

दिनांक : ९ एप्रिल १९५१

विषय : कै. एसा लव्हरिंग यांना त्यांच्या पत्नीशेजारी पुरण्यास परवानगी मिळणेबाबत (विनंती चौथी).

संदर्भ : आपले गेल्या महिन्यातील पत्र, ज्यान्वये माझ्या वडिलांची खापरपणजी वयाच्या दुसऱ्या वर्षी वारल्याचे कळवून आपण प्रकरण निकाली काढले आहे.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ड्रुसिला लव्हरिंग, धंदा लोकर व बटणांचे दुकान, राहणार मिल स्ट्रीट, हिचे वडील एसा लव्हरिंग हे जानेवारीत वारले. त्या वेळी जमीन गोठलेली होती व कुदळ चालत नव्हती. सबब आपल्या गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांची शवपेटी टेकडीच्या पोटातल्या दगडी खोलीत बर्फ वितळेपर्यंत ठेवण्यात आली. आता बर्फ वितळला आहे. खोलीतल्या बाकीच्या चारही पेट्या आपापल्या जागी गेल्या. माझे वडील तेवढे अजून तिथेच आहेत, कारण त्यांचे पूर्वज कोण हे समितीला अद्याप कळलेले नाही. वडिलांना स्वतःला ते शहात्तर वर्षे नीट ठाऊक होते, पण तोंडी माहिती समिती ग्राह्य धरत नाही.

२. माझी आई नेटी ही जुन्या दफनभूमीत अकरा वर्षांपूर्वी पुरली गेली. तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. वडील दर रविवारी प्रार्थनेनंतर तिथे जाऊन बसत, सोबत डब्यात काहीतरी खायला नेत. थंडीत जाऊ नका म्हटले की म्हणत, “अगं, जागा धरून ठेवायला नको का? उठलो की कुणीतरी येऊन बसेल.” आम्ही हसत असू. त्यांच्या पाठीमागे समितीच येऊन बसेल हे आम्हा कुणाच्या डोक्यात आले नाही.

३. जागा थोडी आणि मरणारे फार, ही समितीची अडचण मला मान्य आहे. त्यावर दोन वर्षांपूर्वी समितीने नियम केला की, गाव वसवणाऱ्या मूळ कुटुंबांचे रक्ताचे वंशज असतील त्यांनाच यापुढे इथे पुरले जाईल, आणि नवरा-बायकोचे नाते धरले जाणार नाही. आपल्या शब्दांत सांगायचे तर, “मिस लव्हरिंग, लग्न हा योगायोग आहे, वंश ही वस्तुस्थिती आहे.” माझ्या आईवडिलांचा योगायोग एक्केचाळीस वर्षे टिकला, हे मी केवळ नोंदीसाठी लिहून ठेवते. माझी आई मूळ कुटुंबातली असल्यामुळे मला स्वतःला पुरून घ्यायला समितीची काहीच हरकत नाही, असे आपण दोन वेळा आवर्जून कळवलेत. त्याबद्दल मी आभारी आहे. तूर्त मला घाई नाही.

४. वडीलही मूळ कुटुंबातलेच होते हे दाखवण्यासाठी मी कामाला लागले. वडिलांचे वडील नेथन, त्यांचे वडील एमॉस, त्यांचे वडील सायलस, सायलसची आई पेशन्स आणि पेशन्सचा बाप बार्नाबस हॉलोवेल, जो इंग्लंडहून येऊन इथे गाव वसवणाऱ्यांपैकी एक. एवढी सरळ शिडी आहे. तिच्या प्रत्येक पायरीवर आपण एकेक हरकत घेऊन उभे राहिलात, ती मी खाली क्रमाने मांडते, म्हणजे फाइल चाळायचे आपले कष्ट वाचतील.

५. पहिली हरकत अशी की, बार्नाबस हॉलोवेल खरोखर इथे राहत होता याला पुरावा काय. दुकान बंद ठेवून मी तो शोधला. आपल्या थोर संस्थापकाला प्रार्थनेत घोरल्याबद्दल दोनदा आणि डुकरे मोकाट सोडल्याबद्दल तीनदा दंड झालेला आहे. याशिवाय त्याने आयुष्यात दुसरे काही केल्याची नोंद सापडत नाही. त्याच्या नावाचा संगमरवरी खांब आपण चौकात उभारला आहे, त्यावर ‘धर्मनिष्ठ’ असे कोरले आहे, तेही मी वाचून आले. ही जमीन त्याच्याआधी ज्यांची होती त्यांचा खांब कुठे दिसला नाही. त्यांनी बहुधा वंशावळ वेळेत सादर केली नसावी.

६. दंडाची नोंद आपण स्वीकारलीत, त्याबद्दल धन्यवाद. मग दुसरी हरकत आली. पेशन्सचे लग्न जोब लव्हरिंगशी झाले आणि पाचव्या महिन्यात थोरला मुलगा जेम्स जन्मला, सबब या घराण्याचे रक्त ‘संशयास्पद’ ठरते, असे आपण लिहिलेत. महोदय, त्या काळचे हिवाळे लांब होते, लाकूडफाटा कमी होता आणि घरात खोली एकच असे. त्यातच त्या दोघांनी भर चर्चमध्ये उभे राहून कबुली दिली, गावाने ती ऐकून घेतली आणि विषय मिटला. गावाने जे दोनशे वर्षांपूर्वी मिटवले ते समितीने पुन्हा उघडले. शिवाय माझे वडील त्या जेम्सचे वंशज नाहीतच. ते धाकट्या सायलसचे, आणि तो लग्नानंतर वीस वर्षांनी जन्मला. वीस वर्षे समितीला पुरेशी वाटतात का, असे मी विचारले होते. त्याचे उत्तर आलेले नाही.

७. त्याऐवजी तिसरी हरकत आली. आपण जातीने दफनभूमीत गेलात, गुडघ्यावर बसून शेवाळ खरवडलेत आणि पाटीच्या दगडाची एक बुटकी शिळा शोधलीत. तिच्यावर पंख असलेली कवटी आहे आणि खाली मजकूर आहे : ‘पेशन्स, बार्नाबस व हन्ना हॉलोवेल यांची कन्या, वय दोन वर्षे.’ आपण लगेच लिहून पाठवलेत की, दोन वर्षांच्या मुलीस विवाह व अपत्ये संभवत नाहीत, सबब लव्हरिंग घराणे अस्तित्वात येऊ शकत नाही. पत्र वाचून मी स्वतःचा हात चाचपून पाहिला. होता जागच्या जागी.

८. त्याच पत्राच्या शेवटी आपण हेही कळवलेत की, आरोग्य खात्याच्या आदेशानुसार दगडी खोली एप्रिलअखेर रिकामी व्हायला हवी, समितीची पुढची बैठक जूनमध्ये आहे, आणि तोवर माझ्या वडिलांची सोय हमरस्त्यावर, टायरच्या दुकानामागे निघालेल्या नव्या दफनभूमीत होऊ शकेल. “तिथे गाड्या लावायलाही ऐसपैस जागा आहे,” असे आपण फोनवर म्हणालात. माझ्या वडिलांनी बत्तीस वर्षे या गावात दूध घातले. आपल्याही दारी घातले. गाडी लावायची चिंता आता त्यांना उरलेली नाही.

९. आता मुद्द्यावर येते. महोदय, आपण पेनफर्डमध्ये जन्मलात, वाढलात, पाटीच्या दगडांतच आपली उमर गेली. तरी आपल्याला हे कळू नये की, आपल्याकडे एक मूल गेले की पुढच्या मुलाला तेच नाव देत? बायबलातले चांगले नाव वाया कोण घालवील? थोरल्याचा कोट धाकट्याला यायचा, तसे नावही यायचे. त्या दफनभूमीत एका बापाचे तीन एबेनेझर ओळीने झोपलेले आहेत. चौथा एबेनेझर वाचला, म्हातारा झाला आणि गावाचा पहिला पोस्टमास्तर म्हणून आपल्याच समितीच्या पुस्तिकेत त्याचे चित्र आहे. बार्नाबसची पहिली पेशन्स गेली, नंतर दुसरी झाली, तिचे नाव पेशन्स, आणि ती सत्तर वर्षे जगली व तिने अकरा मुलांना जेवू घातले. हे मी आपल्याला तोंडी सांगितले, तेव्हा आपण म्हणालात, “दुसऱ्या पेशन्सच्या बाप्तिस्म्याची नोंद आणा.” पाद्र्याचे घर नोंदींसकट जळाले, असे मी म्हटले. त्यावर आपण म्हणालात, “मग जळालेल्या नोंदीत ती होती, याचा दाखला आणा.” मी घरी आले आणि रडले. रागानेच रडले, पण रडले हे खरे.

१०. हा अर्ज मी खरे तर लिहिणार नव्हते. टायरच्या दुकानामागची जागा पाहून आले होते. तेवढ्यात परवा एक नव्वदीची बाई काठी टेकत दुकानात आली. निळ्या लोकरीचे चार गुंडे मागितले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, “काय गं, बाप अजून खोलीतच का?” ही बाई म्हणजे श्रीमती मेहिटेबल क्विन्बी. आपला त्यांच्याशी परिचय असावा, त्या आपल्या मातोश्री आहेत.

११. मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि सगळी हकीकत सांगितली. दोन वर्षांच्या पेशन्सपाशी आल्यावर त्यांनी लोकर खाली ठेवली. त्या जे म्हणाल्या ते मी त्यांच्या परवानगीने जसेच्या तसे लिहिते : “असं म्हणाला तो? अगं, मी स्वतः दुसरी आहे. माझ्या आधीची मेहिटेबल आठ महिन्यांची होऊन गेली. मग मी झाले. आईनं तिचं नाव, तिचं दुपटं, तिचा चमचा, सगळं मलाच दिलं. तो चमचा एल्ड्रेडनंही लहानपणी चावलाय. तिचा दगड माझ्या आईच्या पायाशी आहे, त्यावर माझंच नाव आहे. मग मी मेलेली आहे का?” मी म्हटले, समितीच्या मते तसे होऊ शकते. तेव्हा त्या बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “आणि पेशन्स तर आमचीच. तिच्या थोरल्या जेम्सकडून आम्ही आलो, धाकट्या सायलसकडून तुम्ही. माझी आजी सांगायची, थोरल्याची पाती आणि धाकट्याची पाती. एल्ड्रेडला हे पाठ होतं, दहा वर्षांचा असताना पाहुण्यांसमोर घडाघडा म्हणायचा.”

१२. यावर मी माझ्याकडून काही म्हणत नाही. नम्रपणे एवढेच निदर्शनास आणते की, आपल्या कार्यालयात आपल्या खुर्चीमागे चौकटीत लावलेले वंशज प्रमाणपत्र क्रमांक एक आपले स्वतःचे आहे. अर्जदार आपण, पडताळणी करणारे आपण, सही आपली. इतक्या फेऱ्या मारल्या, पण नजर वर करून ते वाचायचे मला सुचले नव्हते. काल वाचले. त्यात बार्नाबसच्या खाली पेशन्स आहे आणि पेशन्सच्या खाली जेम्स आहे. तोच तो, पाचव्या महिन्यातला.

१३. तेव्हा आपल्याच निकालानुसार स्थिती पुढीलप्रमाणे होते. पेशन्स दोन वर्षांची असताना वारली असेल, तर जेम्स जन्मलाच नाही, आपले आजोबा नाहीत, मातोश्री नाहीत, आणि वंशावळ पडताळणी अधिकारीही नाहीत. मग ज्या हरकतींवर आपण सही केली आहे, त्या कुणी केल्या हा प्रश्न समितीने जूनच्या बैठकीत घ्यावा. शिवाय जुन्या दफनभूमीत आपल्या मातोश्रींच्या माहेरची जी माणसे पुरलेली आहेत, त्यांनाही नियमाप्रमाणे हमरस्त्यावर हलवावे लागेल. कबरी खणणारे ओटिस यांना मी याबाबत विचारले. ते म्हणाले, “इतक्या लोकांचं काम एकट्याच्यानं व्हायचं नाही बाई, माणूस लावावा लागेल.” त्यांचा दर त्यांनी सांगितला नाही, आणि मीही विचारला नाही.

१४. उलट पेशन्स वाचली असेल, आणि आपण चालताबोलता हे पाहता ती वाचलीच आहे, तर माझे वडील आपले लांबचे भाऊबंद ठरतात. हे आपल्याला जड जाईल याची मला कल्पना आहे. त्यांनाही जड गेले असते. पण ते बोलून दाखवत नसत, आणि आपल्या दारात दूध ठेवून पुढे जात.

१५. मला प्रमाणपत्र नको, चौकट नको, पुस्तिकेत चित्रही नको. बार्नाबस हॉलोवेल डुकरांसकट समितीला लखलाभ असो. मला एवढेच हवे आहे की, ज्या जागेवर माझे वडील अकरा वर्षे बसून होते, तिथे त्यांना आता निजू द्यावे. आईला त्यांच्याशिवाय करमत नसे, हे दाखल्याने सिद्ध करता येत नाही. माझ्याकडे तसा कागद नाही. मला ठाऊक आहे, बस.

१६. सबब विनंती की, या अर्जाचा निर्णय जूनमध्ये नव्हे तर या आठवड्यात व्हावा.

आईकडून पात्र, वडिलांकडून विचाराधीन,

ड्रुसिला लव्हरिंग
मिल स्ट्रीट, पेनफर्ड

सोबत :
अ) बार्नाबस हॉलोवेल यांस झालेल्या दंडांच्या नकला (पाच).
ब) मेहिटेबल नावाच्या दगडाचा ठसा, वय आठ महिने.
क) त्याच मेहिटेबलचा शेरा, वय नव्वद वर्षे, खालीलप्रमाणे :

एल्ड्रेड,

ड्रुसिलाने मला हा अर्ज वाचून दाखवला. बरोबर आहे. तुला कमरेवर घेऊन मी दुधाची बाटली आत न्यायला दारात यायची, तेव्हा एसा पोरगाच होता, बापाच्या घोड्याबरोबर चालत यायचा. तुझे वडील गेले त्या हिवाळ्यात त्याने दोन महिने दुधाचे पैसे मागितले नाहीत. हे तुला मी कधी सांगितले नाही, कारण त्यानेच सांगू नको म्हटले होते.

तू नियम केलास, ठीक आहे. बायकोशेजारी नवऱ्याला जागा नाही असे तुझ्या नियमात असेल, तर मीही तुझ्या वडिलांशेजारी येत नाही. मलाही त्या टायरवाल्यामागे ने. गाड्या मोजत पडेन.

ओटिसशी माझे बोलणे झाले आहे. शनिवारी सकाळी दहा वाजता नेटीशेजारी खड्डा तयार असेल. पेटी उचलायला सहा जण लागतात. पाच जमले आहेत. तुझा काळा कोट मी झटकून दारामागे अडकवला आहे.

आई